मशीन हिरवा दिवा देतं, टाकीत बुडबुडा येतो: रेग्युलेटरच्या लीक टेस्टबद्दल मदत हवी आहे

सातपूरकर
रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे. घरगुती गॅस सिलिंडरवर बसतो तो रेग्युलेटर आम्ही बनवतो. झिंकचं डाय कास्टिंग (साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबाने ओतलेली बॉडी), आत रबरी डायफ्राम (लवचिक पडदा), स्प्रिंग, लिव्हर आणि सीट (गॅसचा मार्ग बंद करणारी बैठक). ओळखीतली वस्तू आहे, सगळ्यांच्या स्वयंपाकघरात आहे.

प्रत्येक पीसची दोनदा गळती तपासतो. इनलेट बाजूला ७ बार हवा भरायची, भरणं बंद करायचं, थोडं स्थिर होऊ द्यायचं आणि पुढच्या ८ सेकंदांत दाब किती पास्कल उतरला ते बघायचं. २० पास्कलपर्यंत हिरवा दिवा, त्यावर लाल. आउटलेट बाजू ७५ मिलिबारला, तशाच पद्धतीने. शिवाय जुनी पाण्याची टाकी आहे. दर शंभर पीसमधले पाच तिथे बुडवून बघतो.

हिवाळा सुरू झाल्यापासून दुपारी रिजेक्शन एकदम वाढतं. लाल दिव्याचे पीस टाकीत बुडवले तर बुडबुडा नाही. पुसून पुन्हा मशीनवर लावले की बहुतेक पास होतात. वरून दबाव आहे की मशीन उगाच फेल करतंय, मर्यादा २० वरून ४० करा आणि माल सोडा. डिस्पॅच अडकलाय हे मलाही दिसतंय.

पण मला झोप येत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. टाकीवर एक मावशी आहेत, बावीस वर्षं तेच काम करतात. परवा त्यांनी मला हाक मारली. सकाळच्या शिफ्टचा, मशीनने पास केलेला पीस पाण्यात होता. मावशी पीस बुडवल्यावर आधी बोटाने सगळीकडून चोळून घेतात, कारण बाहेर चिकटलेली हवाही बुडबुड्यासारखी दिसते. मग हात बाहेर काढतात, टॉर्च धरतात आणि नुसत्या बघत राहतात. इनलेटच्या मानेजवळ मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, सुटला, वर आला. बऱ्याच वेळाने त्याच जागी दुसरा. म्हणाल्या, "साहेब, हा जिता आहे."

मशीनवर त्याच पीसचं रीडिंग होतं ६ पास्कल. चक्क हिरवा.

आता विश्वास कोणावर ठेवू?

---

भोसरी_एक्सप्रेस
रविवार, रात्री ९.३२

मावशींवर. बाकी उद्या सविस्तर लिहितो.

---

मीनल_को
रविवार, रात्री ९.४५

धाग्यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण अंगावर काटा आला. ४० करू नका हो, प्लीज. तो रेग्युलेटर आमच्याच ओट्याखाली येणार ना?

---

निवृत्त_टूलरूम
रविवार, रात्री १०.२०

सातपूरकर, आधी शाबासकी घ्या. पास झालेला पीस बघून झोप उडणारा माणूस क्यूसीला हवाच. आता काही प्रश्न विचारतो, नीट उत्तरं द्या.

१. सकाळी रीडिंग शून्याच्या खाली जातात का?
२. सकाळचे पीस कुठून येतात आणि दुपारचे कुठून?
३. शिफ्टच्या सुरुवातीला लीक मास्टर (मुद्दाम ठरावीक गळती ठेवलेला नमुना) लावता का? की नुसता ओके मास्टर (न गळणारा नमुना) लावून "मशीन चालू आहे" असं लिहिता?
४. लाल पीस टाकीत बुडवून लगेच पुन्हा मशीनवर लावता, ते किती वाळवून?

---

सातपूरकर
रविवार, रात्री १०.५१

काका, १. हो. सकाळी मायनस १५, मायनस ३० सर्रास दिसतं, म्हणजे दाब उतरायच्या ऐवजी चढलेला. मशीनला वरचीच मर्यादा दिलेली आहे, त्यामुळे मायनसला हिरवाच दिवा लागतो.
२. सकाळी पहिले दोन-तीन तास आदल्या दिवशीचा साठा चालतो. तो रात्रभर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतो. दुपारी वॉशिंग मशीनमधून धुऊन वाळवलेली बॉडी थेट लाइनवर येते. हाताला कोमट लागते.
३. ओके मास्टर लावतो. लीक मास्टर कपाटात आहे, कॅलिब्रेशनला पाठवायचा राहिलाय.
४. फडक्याने पुसून आणि एअर गन मारून.

---

निवृत्त_टूलरूम
सोमवार, सकाळी ७.०५

मग उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे.

तुमचं मशीन गळती मोजत नाही, ते दाबातला फरक मोजतं. दाब दोन कारणांनी बदलतो. हवा बाहेर गेली तर, किंवा आतली हवा गार-गरम झाली तर. ७ बार गेज (बाहेरच्या हवेच्या दाबाहून ७ बार जास्त) म्हणजे निरपेक्ष ८ बार, म्हणजे ८ लाख पास्कल. खोलीचं तापमान निरपेक्ष मापात साधारण ३०० केल्विन धरा. ८ लाख भागिले ३००. म्हणजे आतली हवा एका अंशाने बदलली की दाब सुमारे २,७०० पास्कलने हलतो. आणि तुमची मर्यादा २० पास्कल! अंशाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी बदलात लाल दिवा लागू शकतो.

दुपारची बॉडी कोमट असते. चाचणीच्या ८ सेकंदांत ती किंचित गार होते, दाब उतरतो, आणि गळती नसताना लाल दिवा लागतो. इथवर तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं खरं आहे.

सकाळी नेमकं उलट होतं. नाशिकच्या थंडीत पत्र्याच्या शेडमध्ये रात्रभर पडलेली बॉडी गारठलेली असते, लाइनवरचा हॉल आणि फिक्स्चर (मशीनवर पीस धरणारी पकड) तिच्यापेक्षा उबदार. त्या ८ सेकंदांत बॉडी तापत असते. दाब वर चढू पाहतो आणि गळती त्याला खाली ओढते. दोन्हींची वजाबाकी मशीनला दिसते. खरी गळती ३६ पास्कलची आणि तापण्याने चढ ३० चा, तर स्क्रीनवर ६. तुमच्या मावशींचा पीस!

मायनस रीडिंग म्हणजे हवा बाहेरून आत शिरली का? ७ बारच्या विरुद्ध? शक्यच नाही. मायनस ३० दिसलं की त्या पीसची चाचणी झालीच नाही असं धरायचं. मशीनला खालची मर्यादा आजच घाला.

दुपारचे लाल पीस पैशाचं नुकसान करतात. सकाळचे हिरवे पीस लोकांच्या घरी जातात. तुमचे वरिष्ठ दुपारकडे बघतायत. तुम्ही सकाळकडे बघा.

---

भोसरी_एक्सप्रेस
सोमवार, सकाळी ८.१५

काकांना दंडवत. मी सविस्तर लिहिणार होतो, आता फक्त आकड्यात भर घालतो.

सातपूरकर, पीसच्या आतलं आणि नळीतलं मिळून आकारमान किती? ३० घनसेंटीमीटर धरतो. ८ सेकंदांत २० पास्कल उतार म्हणजे मिनिटाला साधारण ०.०४४ घनसेंटीमीटर गळती. ३ मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यात ०.०१४ घनसेंटीमीटर हवा असते. म्हणजे बरोबर मर्यादेवरच्या पीसमधून मिनिटाला तीन बुडबुडे, वीस सेकंदांना एक. तुमच्याकडे पीस पाण्यात किती वेळ असतो? बहुतेक ठिकाणी घाईत दहा सेकंदसुद्धा ठेवत नाहीत. "टाकीत बुडबुडा नाही" याचा अर्थ कितीदा "बुडबुडा यायच्या आत बाहेर काढला" एवढाच असतो.

मावशी थांबतात, म्हणून त्यांना दिसतो.

---

सातपूरकर
सोमवार, दुपारी १.२०

आकारमान ३२ आहे. मावशी अर्धा मिनिट तरी थांबतात. दुसऱ्या शिफ्टचा मुलगा पाच सेकंदांत काढतो, मी आत्ताच उभं राहून पाहिलं.

---

हेलियमवाला
सोमवार, दुपारी २.०५

२०२५ उजाडलं तरी पाण्याची टाकी? सरळ हेलियमवर जा. आत हेलियम भरा, बाहेर निर्वात चेंबर, आणि निसटलेला हेलियम ओळखायला मास स्पेक्ट्रोमीटर. हवेत हेलियम दहा लाखांत जेमतेम पाच भाग असतो, त्यामुळे थोडा जरी बाहेर आला तरी पकडला जातो. तापमानाची कटकट नाही. हेलियमचा अणू लहान, तो कुठूनही निसटतो. वातानुकूलन यंत्रांचे कॉइल बऱ्याच ठिकाणी असेच तपासतात.

---

निवृत्त_टूलरूम
सोमवार, दुपारी ३.४०

हेलियमवाला, पद्धत उत्तम आहे, पण "लहान अणू, म्हणून जास्त निसटतो" हे सगळीकडे खरं नाही. अतिसूक्ष्म छिद्रात, जिथे रेणू एकेकटे भिंतींवर आपटत जातात, तिथे हेलियम हवेच्या अडीच-पावणेतीनपट वेगाने जातो. पण यांची गळती त्याहून बरीच मोठी आहे. तिथे प्रवाह चिकटपणावर ठरतो, आणि हेलियमचा चिकटपणा हवेपेक्षा किंचित जास्तच आहे. तिथे तो हवेएवढाच गळेल, उलट थोडा कमीच.

यातली खरी काळजीची बाजू वेगळी आहे. एलपीजीतल्या प्रोपेनचा चिकटपणा हवेच्या निम्म्याहून कमी. आपण हवेने तपासतो, घरात भरतो एलपीजी. हवेची जेवढी गळती मोजली, त्याच्या दुपटीहून जास्त गॅस त्याच छिद्रातून त्याच दाबाला जाईल. हवेचा २० पास्कल हा गॅससाठी २० उरत नाही. म्हणून ४० ही मागणी मला फार लागली.

---

हेलियमवाला
सोमवार, दुपारी ४.१२

मान्य. चिकटपणाचा मुद्दा माझ्या ध्यानातून सुटला होता. आणि नायट्राइल रबराचा डायफ्राम असेल तर हेलियम रबरातूनही झिरपतो, ती खोटी गळती दिसते. आमच्याकडे ओ-रिंगच्या जोडांवर हा त्रास होतोच. रेग्युलेटरच्या किमतीत हेलियम बसणारही नाही. मधला मार्ग म्हणजे ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन. हे मिश्रण पेटत नाही, स्वस्त पडतं, आणि हातातल्या प्रोबने नेमकी जागा सापडते. रोजच्या चाचणीला नको, पण लाल पीसमध्ये भोक कुठे आहे ते शोधायला घ्या.

---

कोकणकडा
सोमवार, संध्याकाळी ६.३०

अवांतर: हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला ना? तिथे साहेबाचा कट्टा आहे.

---

खगोलप्रेमी
सोमवार, संध्याकाळी ७.०२

अवांतराला अवांतर: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात यान्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गुंटूरला होता. लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने त्याच वर्षी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली ती इंग्लंडमधून. लॉकियर विजयदुर्गला आला तो १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणासाठी. हेलियमशी नाव जोडलेला माणूस तीस वर्षांनी आपल्या किल्ल्यावर उभा राहिला, हेसुद्धा थोडकं नाही. आता धाग्यावर परत या.

---

कोल्हापुरी_भट्टी
सोमवार, रात्री ८.४८

आम्ही शिरोलीत कास्टिंगवाले. सातपूरकर, मानेजवळ बुडबुडा म्हणालात. तिथं भिंत एकदम जाड होत असणार, आणि थ्रेड मारायला मशीनिंगही तिथंच. डाय कास्टिंगची वरची कातडी घट्ट असते, पोरोसिटी, म्हणजे बारीक भोकं, आत असते. मशीनिंग करून कातडी सोलली की आतली भोकं उघडी पडतात. जाड जागा सगळ्यात शेवटी गोठते, भोकं तिथंच जमतात.

टेस्टिंग लाइनवर कितीही डोकं फोडा, भोक आमच्याकडं पडतंय. एक गळका पीस मशीनिंग झालेल्या जागी आडवा कापा, पॉलिश करा आणि भिंगातून बघा. भोक गोल आणि चकचकीत असेल तर अडकलेली हवा. व्हेंट (डायमधून हवा बाहेर पडायची वाट) आणि शॉटचा (धातू डायमध्ये ढकलायचा) वेग बघायला सांगा. वाकडंतिकडं, खरबरीत असेल तर आकसण्याचं. डायचं कूलिंग आणि शेवटचा दाब बघायला सांगा. पुरवठादाराकडं "तुमचा माल लीक आहे" असं मोघम घेऊन जाऊ नका. फोटो घेऊन जा, तो ऐकेल.

---

जीवरक्षक_बायोमेड
सोमवार, रात्री १०.१५

मी रुग्णालयात उपकरणं बघतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनचे रेग्युलेटर मिळेल तिथून येत होते. वॉर्डात सिलिंडर लावला की सुईssss असा बारीक आवाज. एका रात्री मी एकामागून एक अकरा जोड तपासले. हातात भांडी घासायच्या साबणाचं पाणी होतं, दुसरं काही मिळतच नव्हतं. तेव्हा कळत नव्हतं, म्हणून आता सगळ्यांना सांगतो. ऑक्सिजनच्या जोडाला घरचा साबण लावू नये. त्यात तेलकट अंश असू शकतो, आणि भरलेल्या सिलिंडरमध्ये दाब १५० बारच्या घरात असतो. ऑक्सिजनखाली तेल-ग्रीस स्वतःहून पेटतं. ऑक्सिजनसाठीचं वेगळं द्रावण मिळतं, तेच वापरायचं. अमोनिया असलेला साबण पितळेला लागला तर ताणाखालच्या भागात तडे जातात तेही वेगळं.

सातपूरकरांचा माल वेगळा आहे, पण झोप न येणं मी ओळखतो.

---

मीनल_को
मंगळवार, सकाळी ६.५०

इतके जाणकार आहेत म्हणून विचारते. आमच्याकडे नॉब बंद केल्यावरही कधीकधी वास येतो. सासूबाई काडी ओढून बघा म्हणतात. आणि रेग्युलेटरच्या झाकणावर एक बारीक भोक आहे, वास तिथूनच येत असेल म्हणून यांनी त्यात लांबी भरायची ठरवलीय.

---

निवृत्त_टूलरूम
मंगळवार, सकाळी ७.१५

मीनलताई, काडी अजिबात नाही! लांबीही नाही! आधी हे वाचा, मग चहा घ्या.

सिलिंडरमध्ये काही बारचा दाब असतो. शेगडीपर्यंत गॅस येतो तो सुमारे ३० मिलिबारने, म्हणजे फक्त फूटभर पाण्याच्या उंचीएवढ्या दाबाने. हे उतरवायचं काम डायफ्राम करतो. त्याच्या एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. ते भोक त्या हवेसाठी आहे. भोक बुजवलं तर डायफ्रामला श्वास घेता येत नाही आणि दाब बिघडतो. आणि भोकातून गॅसचा वास येत असेल तर डायफ्राम फाटलाय. लांबीने तो सांधत नाही. रेग्युलेटर बदलायचा.

नॉब बंद असताना वास म्हणजे एक तर सीट बसत नाही, किंवा सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधली रबरी रिंग गेली आहे. वास आला की खिडक्या-दारं उघडा, रेग्युलेटर काढून सिलिंडरला सेफ्टी कॅप लावा, विजेचं एकही बटण दाबू नका, चालू असेल ते चालू राहू द्या. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. हा गॅस गळतीचा तातडीचा क्रमांक आहे. एरवी शंका असेल तर जोडावर साबणाचं पाणी, तेवढंच.

---

मीनल_को
मंगळवार, सकाळी ७.४०

काका, रेग्युलेटर काढला, कॅप लावली. वितरकाचा माणूस दहा वाजता येतोय. सासूबाईंना तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, काकांना सांग, आजचा चहा इंडक्शनवर झाला.

---

भोसरी_एक्सप्रेस
मंगळवार, सकाळी ९.०५

काकांच्या चौथ्या प्रश्नाकडे कोणी पाहिलंच नाही, आणि तो सगळ्यात घातक आहे.

लाल पीस टाकीत गेला, पुसला, पुन्हा मशीनवर, हिरवा. का? एक तर तोवर तो गार झाला, हे ठीक. पण दुसरं, त्याच्या छिद्रात पाणी शिरलं. बारीक छिद्रात पाणी स्वतःच्या पृष्ठताणाने अडकून बसतं. ७ बार त्याला बहुतेक वेळा ढकलून देईल. आउटलेटच्या ७५ मिलिबारला मात्र साधारण ३८ मायक्रॉनपेक्षा बारीक छिद्रातलं पाणी हलतच नाही. आपल्या केसाच्या निम्म्या जाडीचं भोक पाण्याच्या थेंबाने बंद, मशीन म्हणतं पास. ते पाणी वाळतं ग्राहकाच्या घरी.

आधी कोरडी चाचणी, मग ओली. ओल्यातून कोरड्यात परत यायचं असेल तर ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून, मग खोलीच्या तापमानाला आणून. एअर गनने छिद्रातलं पाणी निघत नाही.

---

सातपूरकर
मंगळवार, रात्री ११.३०

सगळे प्रतिसाद छापून वरिष्ठांच्या टेबलावर ठेवले. पहिल्यांदा ऐकलं नाही. मग त्यांच्यासमोरच एक प्रयोग केला. शेडमधला गार पीस लावला: मायनस २८. तोच पीस हॉलमध्ये दोन तास ठेवून लावला: २. मग मुद्दाम एक मिनिटभर मुठीत धरून लावला: लाल दिवा, ६१. एकच पीस, तीन उत्तरं. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, बोल, काय काय करायचं?

उद्यापासून लाइन थांबवून सकाळचा साठा अडवतोय.

---

हेलियमवाला
मंगळवार, रात्री ११.४१

मुठीचा प्रयोग जबरदस्त! आमच्या ट्रेनिंगला वापरणार, परवानगी गृहीत धरतो.

---

सातपूरकर
पुढचा सोमवार, रात्री ९.५५

उशिरा लिहितोय, आठवडा तुफान गेला.

मर्यादा २० च आहे. खालची मर्यादा मायनस ५ घातली. त्याखाली गेलं की पिवळा दिवा, आणि पीस रॅकवर परत. शेडमधला साठा आता रात्रीच हॉलमध्ये आणतो. वॉशिंगनंतर दोन तास पंख्याशिवाय रॅकवर, मगच लाइनवर. मशीनवर येणारं दाराचं वारं अडवायला ॲक्रिलिकचा पडदा लावला. दुपारचं रिजेक्शन जवळजवळ पहिल्यासारखं झालंय.

लीक मास्टर कॅलिब्रेट होऊन आला. दर शिफ्टला आधी ओके, मग लीक. लीक मास्टरला लाल दिवा लागला नाही तर मशीनच पुढे चालू होत नाही असं लॉजिक टाकून घेतलं. पहिल्याच दिवशी अडकलं! फिक्स्चरचं रबर झिजलं होतं.

अडवलेला साठा पूर्ण पुन्हा तपासला, ४१२ पीस. तीन गळके निघाले. तिन्ही इनलेटच्या मानेजवळ, कोल्हापूरकर म्हणाले तिथेच. एक कापून पाहिला. आतलं भोक गोल आणि चकचकीत आहे. फोटो पुरवठादाराला पाठवले.

त्याआधी गेलेल्या मालाचे बॅच नंबर काढून ग्राहकाला लेखी कळवलंय. ते पत्र लिहिताना हात थरथरत होते. पण पाठवलं.

---

कोल्हापुरी_भट्टी
पुढचा सोमवार, रात्री १०.२०

गोल चकचकीत म्हणजे हवा. डायच्या मानेच्या बाजूचा व्हेंट चोंदलाय का ते पहिलं बघायला सांगा. आणि पत्र पाठवलंत ते लई भारी केलंत.

---

निवृत्त_टूलरूम
पुढचा सोमवार, रात्री १०.३८

सातपूरकर, दुसऱ्या शिफ्टच्या त्या मुलाचं काय झालं? पाच सेकंदवाल्याचं?

---

सातपूरकर
पुढचा सोमवार, रात्री १०.४४

आठवडाभर मावशींशेजारी बसवलंय त्याला. टाकीवर घड्याळ लावलंय, तीस सेकंद. आज त्याने स्वतःहून मला हाक मारली. टॉर्च धरून म्हणाला, "सर, हा जिता आहे का, बघा ना."

होता.